७८ टीडीएसच्या पाण्याला आरओ कशाला?

प्रश्न : गोरेगाव पूर्वेला सात मजली सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहते. घरात आम्ही दोघं, दोन मुलं (धाकटी तीन वर्षांची) आणि सासूबाई. परवा प्युरिफायरवाला डेमो द्यायला आला होता. नळाच्या आणि त्याच्या मशीनच्या पाण्याचे दोन ग्लास ठेवून त्याने त्यात विजेच्या दांड्या बुडवल्या. आमच्या ग्लासात दोन मिनिटांत तपकिरी गाळ वर आला, त्याचं पाणी जवळजवळ तसंच राहिलं. बघून पोटात गोळाच आला. टीडीएस ७८ दाखवत होता. आरओ, कॉपर, अल्कलाइन सगळं असलेलं १८,५०० रुपयांचं मशीन घ्या, वर दरवर्षी ५,५०० रुपये एएमसी (वार्षिक देखभाल करार), असं म्हणतो. सासूबाई म्हणतात, पाणी उकळलं की झालं. पहिल्या पावसात आमच्याकडे पाणी गढूळ येतं आणि मे महिन्यात सोसायटी टँकर मागवते. नक्की काय घ्यावं?

उत्तर : ताई, आधी त्या ग्लासातल्या गाळाबद्दल. तो तुमच्या पाण्यातला नव्हता, दांड्यांचा होता. त्या उपकरणात एक दांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज तपकिरी गाळ होऊन तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे वीज वाहत नाही आणि गंजही होत नाही. पुन्हा कोणी असा डेमो द्यायला आला तर त्याच्याच ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ घालून दांड्या बुडवायला सांगा. ते पाणीही तसंच तपकिरी होईल. या खेळातून पाण्यात क्षार आहेत एवढंच कळतं, आणि क्षार म्हणजे घाण नव्हे.

खरी माहिती त्याने दाखवलेल्या दुसऱ्या आकड्यात आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजलेले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, याची मर्यादा ५०० आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं जातं. मुंबईचं पाणी येतं सात तलावांतून : अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. हे सगळं पावसाचं साठवलेलं पाणी, म्हणून मुळातच मऊ आणि कमी क्षारांचं. ७८ हा आकडा मुंबईला साजेसाच आहे.

आता हिशेब करा. पाच माणसांना पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज साधारण २० लिटर पाणी लागतं. घरगुती आरओ आत गेलेल्या पाण्यातलं पाव भाग तुम्हाला देतो आणि पाऊण भाग गटारात सोडतो. म्हणजे २० लिटरसाठी ६० लिटर वाया, रोज तीन बादल्या, वर्षाला २२ हजार लिटरच्या आसपास. दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर थोडं उरेल. आणि वाया जाणाऱ्या त्या पाण्याचा टीडीएस किती? तुमच्या ७८ च्या पाण्याचा फार तर १०० च्या आसपास. क्षारांच्या मानकात तेही पिण्यायोग्यच बसतं!

पुढची गंमत म्हणजे, आरओतून निघालेलं पाणी ५ ते १० टीडीएसचं आणि बेचव लागतं. म्हणून कंपन्या ‘टीडीएस कंट्रोलर’ देतात. तो एक छोटा वॉल्व असतो आणि मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या आरओच्या पडद्यातून, न गेलेलं पाणी थोडं परत मिसळतो. म्हणजे पैसे देऊन काढायचं आणि पैसे देऊनच परत घालायचं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की, ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओला बंदी करा. त्यामागे हीच नासाडी होती.

पण ७८ हा आकडा पाहून निर्धास्तही होऊ नका. टीडीएसच्या पेनला जंतू दिसत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेलं पाणीही ९० दाखवू शकतं. मुंबईतला खरा प्रश्न तलाव ते ग्लास या वाटेवरचा आहे. पालिका पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून सोडते, पण ते चोवीस तास येत नाही. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब उतरतो. जुना पाइप गटाराजवळून जात असेल आणि त्याला बारीकशी भेग असेल, तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं आणि पुढच्या पाण्याच्या वेळी ते सगळ्यात आधी तुमच्याकडे पोचतं. म्हणून पाणीकपातीनंतरचं पहिलं पाणी सर्वांत वाईट असतं. ज्यांचा नळ थेट लाइनवर आहे त्यांनी पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी पिण्यासाठी भरू नये. तुमच्याकडे ते आधी सोसायटीच्या खालच्या सक्शन टाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत आणि मग तुमच्या नळाला येतं. बिघाड या तिन्हींपैकी कुठेही असू शकतो.

तो शोधायचा सोपा मार्ग म्हणजे ओटी टेस्ट, पालिकेने घातलेला क्लोरीन पाण्यात शिल्लक आहे का हे दाखवणारी. ग्रामपंचायतीचे लोक नेहमी करतात तीच. किट स्वस्तात मिळतं : एक नळी, रंगाची पट्टी आणि थेंब टाकायची बाटली. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. पट्टीशी जुळवून किमान ०.२ मिलिग्रॅम दिसायला हवा. द्रावण विषारी असतं, म्हणून तपासलेलं पाणी ओतून द्या, हात धुवा आणि बाटली मुलांपासून दूर ठेवा. ही तपासणी तीन जागी करा. पालिकेचं पाणी सक्शन टाकीत पडतं तिथे, गच्चीवरच्या टाकीत आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला. टाकीत पडताना पिवळं आणि नळाला बिनरंगी, असं दिसलं तर दोष सोसायटीच्या टाक्यांत आहे. तिथेच रंग येत नसेल तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये आहे. मग पालिकेच्या वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्यात लेखी तक्रार द्या किंवा १९१६ वर नोंदवा. पाण्याला वास आणि रंग असेल तर थांबू नका, त्याच दिवशी कळवा.

टाक्यांचा दोष असेल तर कितीही महागाचं मशीन घेतलं तरी ते फक्त तुमच्या एका नळापुरतं. दात घासायचं, भाज्या धुवायचं, आंघोळीच्या वेळी मुलीच्या तोंडात जाणारं पाणी तसंच राहतं. सेक्रेटरींना घेऊन एकदा सक्शन टाकी बघून या. झाकण नीट बसतं का, त्याची कड जमिनीपेक्षा उंच आहे का? की अंगण धुतलेलं आणि पावसाचं पाणी सरळ आत जातं? ड्रेनेजचं चेंबर टाकीला खेटून आहे का? ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का? नसेल तर झुरळं, पाली, कधी उंदीरही आत जातात. गच्चीवर पाहा : कबुतरं झाकणावर बसत असतील आणि झाकणाला फट असेल, तर पुढचं सांगायला नको.

टाकी धुताना आमचा आग्रह दोन गोष्टींचा. तळाचा गाळ पंपाने पूर्ण काढायचा, नुसता ढवळून सोडायचा नाही. आणि भिंती घासून झाल्यावर टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पाण्याने धुवायच्या. पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीत पाणी घालून कालवावी, पंधरा मिनिटं चुना खाली बसू द्यावा आणि वरचं निवळ पाणीच वापरावं. पिशवी उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो, मग उरतो फक्त चुना. त्यामुळे कोपऱ्यात वर्षभर पडलेलं पोतं वापरून काही साधत नाही. वर्षातून दोनदा धुतलं तरी चालेल, पण त्यातलं एक धुणं पावसाआधी झालंच पाहिजे.

आता मशीन. सध्याच्या आकड्यावर तुमच्यासाठी यूव्ही अधिक यूएफ हीच जोडी योग्य. यूएफ म्हणजे पोकळ धाग्यांचा गठ्ठा. त्याची छिद्रं ०.०१ मायक्रॉनच्या आसपास असतात, त्यामुळे बॅक्टेरिया, जिआर्डियासारखे परजीवी आणि गढूळपणा त्यात अडकतो. क्षार मात्र तसेच पार होतात, म्हणून चवही राहते आणि पाणी वायाही जात नाही. त्यापुढे यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा उरलेल्या विषाणूंना निकामी करतो. क्रम असाच हवा. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणाआड लपतात आणि त्यांच्यापर्यंत प्रकाश पोचतच नाही. म्हणून नुसतं यूव्ही मशीन पावसाळ्यात फसवतं.

मशीनच्या बाहेर, इनलेटवर (पाणी आत शिरतं तिथे), दहा इंची बाउलमध्ये ५ मायक्रॉनची स्पन कँडल, म्हणजे माती अडवणारी गाळणी, बसवून घ्या. मशीनचं आयुष्य तीच वाढवते. पावसाळ्यात ती महिन्याभरात चहासारखी तपकिरी होईल. एरवी तीन महिने टिकते. कँडलवर बदलल्याची तारीख मार्करने लिहा. बाउल उघडताना आधी इनलेटचा वॉल्व बंद करा, रबरी रिंग नीट बसली आहे ना ते बघा आणि पान्याने बेताचंच आवळा. बहुतेक गळत्या जास्त आवळल्यामुळे रिंग दबून किंवा बाउलला तडा जाऊन होतात. पाव इंची पाइप तिरका कापला तरी जोडातून थेंब थेंब गळतं. तो सरळ कापून पुन्हा बसवला की काम होतं.

दाबाचा प्रश्न तुम्हाला यायला नको. गच्चीवरच्या टाकीपासून तुमचा नळ साधारण १२ मीटर खाली आहे, आणि दहा मीटरला एक किलो दाब मिळतो. यूव्ही-यूएफला तो भरपूर झाला. सातव्या मजल्यावरच्यांना मात्र जेमतेम ०.३ ते ०.५ किलो मिळतो. तिथे घेण्याआधी मशीनला किमान दाब किती लागतो ते विचारावं, नाहीतर धार सुतासारखी पडते.

टाकीचं घ्यावं की बिनटाकीचं? तुमच्याकडे वरच्या टाकीचं पाणी दिवसभर चालू असेल तर बिनटाकीचं घ्या. कारण सांगतो. मशीनमधली कार्बनची गाळणी क्लोरीन काढून टाकते, त्यामुळे साठवलेल्या पाण्याला संरक्षणच उरत नाही आणि टाकीच्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतो. सोसायटी ठरावीक वेळीच पाणी सोडत असेल तर ७-८ लिटरची टाकी असलेलं घ्यावंच लागेल. मग दोन-तीन महिन्यांनी टाकी उघडून स्वच्छ धुवायची, आणि गणपतीला गावी जाऊन आल्यावर आतलं पाणी दोनदा पूर्ण काढून टाकायचं. जाताना इनलेट बंद करायला विसरू नका. बंद घरात पाइप निसटला की खालच्या मजल्यावरची मंडळी फोन करतात.

यूव्हीबद्दल विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : दिव्यातून प्रकाश येतो की नाही हे मशीन मोजतं, की वीज जाते की नाही एवढंच पाहतं? स्वस्त मशीनमध्ये वीज चालू असली की हिरवी बत्ती लागते, मग दिवा क्षीण झालेला असला तरी. दिव्याचं आयुष्य साधारण ८,००० तास. चोवीस तास पेटत असेल तर वर्ष भरतं न भरतं. दिवा बंद पडला की पाणीही आपोआप बंद होईल, असा सोलेनॉइड वॉल्व मशीनमध्ये हवाच. दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर पांढुरका थर धरतो आणि प्रकाश अडतो. सर्व्हिसच्या माणसाकडून ती काढून पुसून घ्या. हे काम तो हमखास टाळतो, म्हणून समोर उभं राहा. यूव्ही मशीनवर आयएस १४७२४ आणि आरओवर आयएस १६२४० चा उल्लेख आहे का, तेही बघून घ्या.

आता मे महिना. टँकरच्या पाण्यामुळेच हा निर्णय फिरू शकतो. तो पालिकेच्या पाण्याने भरलेला आहे की विहीर-बोअरच्या, हे सेक्रेटरींना विचारा. टीडीएसचं साधं पेन घेऊन टँकर आला त्या दिवशी नळाचं पाणी मोजा. टोक आधी त्याच पाण्याने धुवा, बुडबुडे झटका, आकडा स्थिर व्हायला दहा सेकंद द्या. २००-३०० आला तर काळजी नको, तुमचं यूव्ही-यूएफ पुरेल. ५०० च्या वर गेला, आणि तोही फक्त तीन-चार आठवडे, तर तेवढ्यासाठी वर्षभर आरओ चालवणं पटत नाही. त्या काळात पालिकेच्या पाण्याच्या वेळेला पिण्याचं पाणी वेगळं भरून घेण्याची सोय सोसायटीत करता आली तर उत्तम. सक्शन टाकीत टँकर आणि पालिकेचं पाणी एकत्र मिसळू नका, एवढा ठराव मीटिंगमध्ये झाला तरी खूप.

मात्र एक अपवाद आहे. बोअरचं पाणी असेल तर एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत एकदा नायट्रेट, कठीणपणा आणि ई. कोलाय तपासून घ्या. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. गटारं आणि शौचटाक्यांच्या जवळच्या विहिरींत तो वाढलेला असतो. यूव्ही-यूएफने तो जात नाही, उकळून तर पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. तो मर्यादेबाहेर असेल, किंवा सोसायटी वर्षाचे बरेच महिने बोअरवर असेल, तर आरओ घ्याच. इथे मेम्ब्रेनचं काम खरं आहे. मग फक्त कार्बन वेळेवर बदला, कारण पालिकेच्या पाण्यातला क्लोरीन मेम्ब्रेनला खातो. वाया जाणारं पाणी बादलीत धरा. फरशीला आणि भांड्यांच्या पहिल्या धुण्याला ते चालतं.

टँकरमध्ये टीसीएल घातली जाते का, तेही विचारा. दहा हजार लिटरला चांगल्या ताज्या पावडरची सुमारे ५० ग्रॅम, वर सांगितल्याप्रमाणे कालवून, निवळ पाणी टाकीत ओतून अर्धा तास थांबायचं आणि मग ओटी टेस्ट. पिवळा आला की नळ सोडायचा.

सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नाही, उकळलेलं पाणी जंतूंच्या बाबतीत पक्कं असतं. चौपदरी स्वच्छ कापडाने गाळायचं, खदखदून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवायचं आणि त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्यायचं. बोटं बुडवून पेला भरला की सगळी मेहनत गेली, म्हणून नळाचं पिंप किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. अडचण आहे ती गॅसची. रोज फक्त पिण्याचं दहा लिटर उकळायला महिन्याला अंदाजे साडेतीन किलो गॅस जातो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा पाव भाग. म्हणून रोज नको. पण पाणीकपातीनंतर, इमारतीत कोणाला कावीळ किंवा टायफॉइड झाल्यावर आणि मशीन बंद असेल त्या दिवशी उकळाच.

पहिल्या पावसातल्या गढूळ पाण्याबद्दल थोडंसं. ग्लासात धरून दोन मिनिटं पाहा. पाणी खालून वर स्वच्छ होत गेलं तर ती नुसती हवा आहे. वरून खाली निवळलं आणि तळाशी साका बसला तर माती. तशा दिवशी वीस लिटरच्या बादलीत तुरटीचा खडा काही सेकंद फिरवा, तासभर न हलवता ठेवा आणि वरचं पाणी काढून घ्या. तुरटीने जंतू मरत नाहीत, पण कँडल आणि यूएफ चोंदणं वाचतं.

कॉपर आणि अल्कलाइनसाठी जादा पैसे देऊ नका. मशीनमधून पाणी काही क्षणांत जातं, तांब्याला परिणाम दाखवायला रात्रभर लागते. तांब्याचा हंडा आवडत असेल तर जरूर वापरा, पण मशीनच्या पाण्यासाठी, मशीनऐवजी नव्हे. चिंच-लिंबू किंवा ताक मात्र त्यात ठेवू नका. अल्कलाइनचं म्हणाल तर पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की ते पाणी घशाखाली उतरल्यावर त्याला काही अर्थ उरत नाही.

एएमसीच्या कागदावर सही करण्याआधी प्रत्येक पार्टचं नाव, वर्षात किती वेळा बदलणार आणि एएमसी नसेल तर त्याची सुटी किंमत लिहून मागा. यूव्ही-यूएफला वर्षात साधारण सहा-सात स्पन कँडल, एक-दोन कार्बन आणि एक दिवा लागतो. यूएफ वर्ष-दीड वर्षाने. एवढ्याची बेरीज ५,५०० च्या बरीच खाली आली, तर सुटे पार्ट घेऊन दुकानदाराकडून सर्व्हिस करून घ्या. मशीन बसवल्यावर पहिल्या दोन टाक्या, बिनटाकीचं असेल तर पहिले वीस लिटर, झाडांना घाला. नव्या कार्बनची काळी पूड त्यात उतरते.